स्टिअरिंगचं माप

माझ्या नवऱ्याने आमच्या नागावच्या वाडीत एक गाडी बांधली. विकत घेतलेली गाडी सजवली वगैरे नाही, पहिल्यापासून बांधली. लोखंडी चौकोनी पाइप कापून आणि वेल्डिंग करून सांगाडा उभा केला, आणि भंगारात निघालेल्या एका लहान गाडीचं इंजिन, गिअरबॉक्स, चाकं आणि स्टिअरिंगची, चाकं वळवणारी दात्यांची रॅक त्यात बसवली. दोनच माणसं बसतील अशी, टप नसलेली, जमिनीला टेकल्यासारखी बुटकी गाडी. स्पोर्ट्स कार म्हणतात तसली.

घरात मी त्याला कधी अरे-तुरे केलं नाही. इथे मात्र 'तो' लिहिते आहे. 'हे असं म्हणाले, हे तसं म्हणाले' असं लिहायला बसले की मला ते घरातच कुठेतरी आहेत असं वाटायला लागतं, आणि मग पुढे काही लिहवत नाही.

तो रोह्याच्या एमआयडीसीतल्या एका कारखान्यात मेंटेनन्सला होता. आयुष्यभर पंप आणि मोटारी दुरुस्त केल्या. कारखाना बंद पडला तेव्हा त्याची पन्नाशी उलटली होती. तो घरी आला तोपर्यंत मी मागच्या दोन खोल्या पाहुण्यांना द्यायला लागले होते. शनिवार-रविवारी मुंबई-पुण्याची माणसं यायची, त्यांचं जेवणखाण मी बघायचे. तो पाहुण्यांना मांडव्याच्या जेट्टीवरून आणायचा, नारळ उतरवून घ्यायचा, विहिरीचा पंप बघायचा. उरलेला सगळा वेळ वाडीतल्या शेडमध्ये.

समुद्राच्या जवळ लोखंडाचं काम म्हणजे रोजची कटकट. सकाळी घासून चकचकीत केलेल्या पाइपवर संध्याकाळपर्यंत तांबूस झाक यायची. तो वेल्डिंग झालं की तिथल्या तिथे लाल प्राइमर मारायचा. त्याच्या सगळ्या शर्टांना तो लाल रंग लागलेला असायचा.

मदतीला एकच माणूस. कारखान्यात त्याच्याच खात्यात होता, माणगावकडच्या भातशेती करणाऱ्या घरातला, वयाने आठ-दहा वर्षांनी लहान. कारखाना बंद झाल्यावर त्याने माणगावला हायवेलगत गेट आणि खिडक्यांच्या जाळ्या करायचं वर्कशॉप टाकलं होतं. रविवारी मोटरसायकलवरून यायचा. नवऱ्याला दादा म्हणायचा, मला वहिनी.

अशी घरी बांधलेली गाडी आरटीओत पास होत नाही. म्हणजे ती रस्त्यावर काढता येणार नाही, हे नवऱ्याला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. बीचवर गाडी घालायला बंदी. मी एकदा विचारलं, "मग चालवणार कुठे?"

"बघू," तो म्हणाला. "आधी होऊ तर दे."

स्टिअरिंग केवढं लावायचं हा मला प्रश्नच वाटला नव्हता. भंगारातल्या त्या गाडीचं स्टिअरिंग रॅकबरोबरच आलं होतं, तेच लावायचं. पण तो म्हणाला, ते नाही चालणार. या गाडीत सीट जवळजवळ तळाला, पाय पुढे लांब पसरून बसायचं. चक्र मोठं असलं की ते मांड्यांवर घासतं आणि वळवताना हात मांडीपाशी अडकतो. लहान लावलं तर मांड्या मोकळ्या राहतात आणि मनगट जरासं वळवलं तरी गाडी वळते. पण जेवढं चक्र लहान तेवढा जोर जास्त. नट सोडवताना आखूड पान्ह्याला जास्त जोर लागतो तसं.

"मग मधलं घ्या," मी म्हटलं.

"मधलं म्हणजे केवढं, तेच तर ठरवायचंय."

त्याने प्लायवूडची तीन चक्रं कापली. बारा इंची, तेरा इंची, चौदा इंची. मधे आरे ठेवले, कडेला सायकलची जुनी ट्यूब गुंडाळली. मग एकेक लावून तो सीटवर बसायचा. पाठ टेकवायची, हात सरळ पुढे करायचा, मनगट चक्राच्या वरच्या कडेवर टेकलं पाहिजे. मीटर चक्राच्या आतून दिसले पाहिजेत. मला बाजूला उभं करायचा आणि विचारायचा, "मांडी आणि चक्रात बोट जातं का बघ." चौदा इंचीला मांडी घासत होती. तेराला जेमतेम बोट जायचं. बाराला चार बोटं.

त्याने बारा इंची ठरवलं. खरं चक्र कुरिअरने आलं, काळं, चामड्याचं कव्हर शिवलेलं. ते लावलं त्या दिवशी तो जेवायला उशिरा आला आणि भात कालवता कालवता मला सांगत राहिला की आता तिला चेहरा आला. मी कौतुक केलं असेन. नीट आठवत नाही. चार पाहुणे होते आणि सुरमई तळायची होती.

गाडी जॅकवरून उतरवून चारही चाकांवर उभी केली, आणि स्टिअरिंग त्याला जड जायला लागलं. गाडी उभी असताना जड लागणारच, असं तो आधी म्हणाला. मग आम्ही दोघांनी ढकलून वाडीच्या वाटेवर पुढेमागे करून पाहिली. तरी जडच. तिथून पुढचे काही महिने त्याने त्या जडपणाचं कारण शोधण्यात घालवले. रॅक खोलून नवीन ग्रीस भरलं. टायरमध्ये हवा वाढवली. पुढच्या चाकांचा कल बदलला, त्यासाठी दोन ब्रॅकेट कापून परत जोडले. स्टिअरिंगच्या दांड्याचं बेअरिंग बदललं. प्रत्येक वेळी दोन दिवस तो खुशीत असायचा, आणि मग परत शेडमधून गप्प बाहेर यायचा. शेवटी बारा इंची उतरवून तेरा इंची मागवलं. मांडीला जेमतेम बोट जात होतं ते. "थोडं तडजोडीचं आहे," म्हणाला.

याच दिवसांत घरात काही गोष्टी घडत होत्या. लोणच्याच्या बरणीचं झाकण तो मला उघडायला द्यायला लागला. कुलपात चावी फिरवायला दुसरा हात लावायचा. शर्टाचं वरचं बटण तसंच ठेवायचा. चहाचा कप कानाला न धरता ओंजळीत धरायचा. मला वाटायचं, दिवसभर ग्राइंडर धरल्यावर हात असेच होणार. त्यालाही तसंच वाटत होतं. निदान तो तसं म्हणत होता.

एका रविवारी माणगावचा मित्र आला. सुपारी सोलून वाळत घातली होती, मी अंगणात ती खालीवर करत होते. शेडचं दार उघडं होतं. नवरा त्याला सांगत होता की रॅकचे दातेच झिजलेले असणार, दुसरी रॅक बघायला हवी. मित्र गाडीत बसला. त्याने चक्र डावीकडे पूर्ण फिरवलं, मग उजवीकडे. मग एक हात काढून घेतला आणि एकाच हाताने, तळवा चक्रावर टेकवून, परत पूर्ण फिरवलं. टायर खालच्या कोब्यावर घासल्याचा आवाज मला अंगणात ऐकू आला.

"दादा, फिरतंय की," तो म्हणाला. "जड कुठं हाय?"

नवरा गाडीच्या पुढे गेला.

मित्राने परत फिरवलं, जरा सावकाश, जणू आपलंच काही चुकलं असेल. "न्हाय ओ. एकदम मोकळं हाय."

मी सुपारीवरून उठून दारात गेले. नवरा गाडीच्या पुढे उभा होता, पुढच्या चाकांकडे बघत. हात दोन्ही बाजूंना सोडलेले. तेव्हा मी पहिल्यांदा त्याचे हात नीट पाहिले. अंगठा आणि त्याच्या शेजारच्या बोटाच्या मधे जो मांसल उंचवटा असतो, तो उजव्या हाताला नव्हताच. तिथे खळगा पडला होता. मित्रानेही माझ्या नजरेमागून तिकडे पाहिलं आणि तो गाडीतून उतरला. चहा ठेवते, असं काहीतरी म्हणून मी आत गेले.

अलिबागच्या डॉक्टरांनी आधी मानेचा एक्स-रे काढला, गोळ्या दिल्या, मग मुंबईला पाठवलं. तिथे हातापायांत सुया टोचून एका यंत्रावर तपासणी झाली. डॉक्टर बाई तरुण होत्या. त्यांनी आपली दोन बोटं पुढे केली आणि म्हणाल्या, "काका, जोरात दाबा." त्याने दाबली. बाईंनी तोंडावर काही दाखवलं नाही. मग त्याचा शर्ट काढायला लावून त्या बराच वेळ नुसत्या त्याच्या दंडांकडे बघत राहिल्या. कातडीखाली स्नायू आपोआप थरथरत होते. मी ते घरी पाहिलं होतं, वाऱ्याने काटा येतो तसं काही असेल म्हणून सोडून दिलं होतं.

मज्जातंतूंचा आजार आहे, त्या म्हणाल्या. स्नायूंना हुकूम देणाऱ्या नसा एकेक करून मरत जातात. औषध आहे, पण ते थोडा वेळ वाढवतं, बरं करत नाही.

त्याने विचारलं, "हात आधी जाणार की पाय?"

"तुमच्यात हातांपासून सुरुवात झाली आहे. पाय कधी, ते सांगता येत नाही. पुढे बोलणं, गिळणं..." त्या थांबल्या, कारण मी तिथे होते.

परतताना आम्ही गेटवेवरून लाँच पकडली. आजूबाजूला सुट्टीवर निघालेली माणसं होती, पोरं पक्ष्यांना वेफर्स टाकत होती. तो कठड्याला पाठ लावून बसला होता. मी मनात शब्द जुळवत होते, काय बोलावं, कसं बोलावं. मांडवा दिसायला लागल्यावर तो म्हणाला, "चौदा इंची लावायला लागेल."

मला आधी कळलंच नाही तो कशाबद्दल बोलतोय. कळलं तेव्हा मला त्याचा असा राग आला की मी जेट्टीवर उतरताना त्याचा हात धरला नाही. फळी हलत होती आणि तो खलाशाच्या आधाराने उतरला.

मित्राने सुचवलं की भंगारातून मोटर लावलेलं स्टिअरिंग आणू, पॉवर स्टिअरिंग, बोटाने फिरेल. नवऱ्याने ऐकून घेतलं आणि नको म्हणाला. त्यासाठी पुढचा सांगाडा कापावा लागणार होता. "आणि मोटरच फिरवणार असेल तर मी तिथे बसू कशाला," असं त्याने मला नंतर सांगितलं. मग चौदा इंची चक्र आलं. आता पान्हा मित्राच्या हातात असायचा आणि नवरा खुर्चीवरून सांगायचा. चक्र बसवून झालं. नवऱ्याला आम्ही दोघांनी धरून गाडीत बसवलं. इतक्या बुटक्या गाडीत स्वतःहून बसणं त्याला आता जमत नव्हतं. त्याने पाठ टेकवली, पाय पसरले, आणि चक्र डावी-उजवीकडे थोडं थोडं हलवलं. दोन्ही हातांनी, खांद्यातून जोर काढून.

मग खाली बघून म्हणाला, "घासत नाही. बोट घालून बघ."

मी वाकून मांडी आणि चक्राच्या मधे हात घातला. माझा अख्खा पंजा गेला.

पॅंट सैल झाली होती हे मला ठाऊक होतं. धुताना, वाळत घालताना दिसत होतं. पण मांडी किती गेली ते असं हाताला लागलं नव्हतं. मित्र पान्हे पुसायला लागला. नवरा एकटाच खुशीत होता. "म्हणजे बसतंय आता चौदा," तो म्हणाला.

गाडी चालवायला जागा मित्राने शोधली. त्यांचाच बंद कारखाना. आत रुंद डांबरी रस्ते होते आणि फाटकावरचा वॉचमन दोघांना ओळखत होता. गाडी टेम्पोत चढवून एका रविवारी आम्ही रोह्याला गेलो. मी त्या कारखान्यात आधी कधी गेले नव्हते. तो बावीस-पंचवीस वर्षं तिथे जात होता आणि मी फाटकसुद्धा पाहिलं नव्हतं. आत पत्रे गंजून लोंबत होते, रस्त्याच्या कडेने गवत कमरेएवढं वाढलं होतं. बोट सरळ करून दाखवणं त्याला जमत नव्हतं, म्हणून मानेने दाखवत होता. ते पंप हाउस. ते कॅंटीन. ती पाण्याची टाकी.

मी शेजारच्या सीटवर बसले. मित्र बाहेर उभा राहिला. क्लच दाबायला पाय अजून ठीक होते. गिअर टाकायला त्याला वेळ लागला, तळहाताच्या मनगटाकडच्या भागाने ढकलून टाकला. गाडी निघाली. इतकी खाली बसल्यामुळे रस्ता अंगावर आल्यासारखा वाटत होता, आणि आवाज छातीत बसत होता. सरळ रस्ता त्याने नीट पार केला. पहिलं वळण घेतलं. दुसरं घेतलं. मी त्याच्या तोंडाकडे बघितलं तर तो हसत वगैरे नव्हता. कामावर असल्यासारखा गंभीर होता.

पंप हाउसच्या वळणावर गाडी वळली, पण सरळ झाली नाही. त्याचे हात चक्रावर होते, बोटं वळलेली होती, पण चक्र आपलं आपण फिरत गेलं आणि हात त्यावरून घसरले. मी हात पुढे केला.

"हात काढ," तो म्हणाला.

मी काढला. गाडी रस्ता सोडून गवतात शिरली, एका खड्ड्यात पुढचं चाक गेलं आणि इंजिन बंद पडलं. आम्हाला कुणाला काही लागलं नाही. गवतातून किडे उडाले. मित्र धावत येताना दिसत होता.

"तू चालव," नवरा म्हणाला. "टेम्पोपर्यंत तू ने."

मला गाडी चालवता येते, पाहुण्यांना आणायला मीच जायचे आता. गाडी रस्त्यावर काढून मी त्याच्या जागी बसले. पण सीट त्याच्या उंचीला पक्की केलेली. माझे पाय पेडलला पुरेनात. पुढे सरकून बसले तर चौदा इंची चक्र माझ्या मांड्यांवर गच्च बसलं. मी त्याच्यापेक्षा बुटकी आणि जाड. तशीच धडपडत होते, आणि तो बाहेर मित्राच्या खांद्यावर टेकून माझ्याकडे बघत होता. कसलं तरी माप घेत असल्यासारखा. शेवटी मित्रानेच गाडी टेम्पोत चढवली.

दुसऱ्याच दिवशी त्याने मला सांगितलं की आता ही गाडी माझ्या मापाची करायची. सीट पुढे घ्यायची, पेडल जवळ आणायची, चक्र बदलायचं.

मी पोळ्या लाटत होते. म्हटलं, "मला नकोय ती गाडी."

"माहीत आहे."

"मग कशाला?"

तो खिडकीतून शेडकडे बघत राहिला. मी त्याला भरवायला बसले तेव्हा मात्र मला राहवलं नाही. तोपर्यंत चमचा त्याला उचलत नव्हता. मी घास हातात धरून म्हटलं, "अहो, किती दिवस राहिलेत आपल्याकडे? माझ्याशी दोन शब्द बोला ना. दिवसभर आपलं सीट, चक्र, पाइप. मी कोण आहे घरात?"

 त्याची जीभ जड झाली होती त्यामुळे एकेक शब्द ठेवून बोलायचा. "गाडीचं बोलतो तेव्हा मला दुसरं काही दिसत नाही," तो म्हणाला. "बाकी काही बोललो की दिसतं."

घास माझ्या हातातच होता. तो त्याने तोंड पुढे करून घेतला.

मग मी शेडमध्ये जायला लागले. तोवर त्याचे पायही गेले होते. दुपारची जेवणं उरकली की त्याची चाकांची खुर्ची ढकलत न्यायची, पंखा लावायचा, आणि तो सांगेल ते करायचं. मी नट सोडवायला शिकले, कुठला पान्हा कुठल्या नटाचा ते शिकले. कापणं-जोडणं मित्र रविवारी येऊन करायचा. सीट पुढे आली. पेडलना लांब पट्ट्या जोडल्या. आणि परत ती प्लायवूडची चक्रं निघाली.

"पाठ टेकव," तो म्हणायचा. "पुढे वाकू नको. मनगट वर ठेव." त्याचं बोलणं तोवर बाहेरच्या माणसाला कळेनासं झालं होतं, मला कळायचं. चौदा लावलं, काढलं. तेरा लावलं. "जड जातं?"

"नाही."

"खरं सांग."

"नाही जात हो जड."

"मीटर दिसतात?"

"दिसतात."

बारा लावलं. त्याला मी लहान मुलीचं खेळणं हातात धरल्यासारखी दिसत होते म्हणे. परत तेरा लावलं. असं आठवडाभर चाललं. एका दुपारी मी चिडले. म्हटलं, "तेरा तर तेरा. एवढं काय त्यात. मी ही गाडी चालवणार नाही, तुम्हाला माहीत आहे."

तो म्हणाला, "माझं माप दर महिन्याला बदलतंय. एक जमवलं की दुसरं. तुझं नाही बदलणार. एकदा बरोबर बसलेलं बघायचंय."

मी परत पाठ टेकवून मनगट वर ठेवलं.

बारा आणि तेराच्या मधलं, साडेबारा इंची, असं शेवटी ठरलं. तसलं चक्र मिळायला वेळ लागला. ते आलं तेव्हा तो खाटेवर होता. मी आणि मित्राने बसवलं आणि त्याला खुर्चीतून शेडमध्ये आणलं. मी गाडीत बसून दाखवलं. मान सावरायला मी त्याला पट्टा बांधला होता, त्यामुळे त्याला खाली बघता येत नव्हतं. मित्राने खुर्ची पुढे कलती करून, बाजूला नेऊन, मांडी आणि चक्राच्या मधली जागा त्याला दिसेल अशी धरली. त्याने डोळे मिटून उघडले. ते त्याचं 'ठीक आहे' होतं.

त्यानंतर तो फार दिवस नव्हता. पेज गिळताना ठसका लागला, ती छातीत उतरली, ताप आला. अलिबागच्या दवाखान्यात नेलं. श्वासाचं मशीन लावायचं का, असं डॉक्टरांनी विचारलं. लावायचं नाही, हे त्याने आधीच मला सांगून ठेवलं होतं, म्हणून मी नको म्हटलं. म्हणताना माझा आवाज नीट आला, याचं मला अजून नवल वाटतं. भर दुपारी गेला. बाहेर डबे घेऊन आलेली माणसं बाकांवर जेवत बसली होती.

पुढे कधीतरी मित्र म्हणाला, "वहिनी, एकदा चालवून तर बघा. दादांनी एवढं केलंय तुमच्यासाठी." मी टाळत होते. शेवटी कळलं की कारखान्याची जागा विकली गेली आहे आणि पाडापाडी सुरू होणार. तेव्हा गेलो.

मी बसले. पाठ टेकली, पाय पुरले, मनगट वरच्या कडेवर बरोबर टेकलं. सगळं मापात होतं. मी गाडी चालू केली आणि त्या रस्त्यांवरून एक फेरी मारली. पंप हाउसच्या वळणावर ती वळली आणि सरळ झाली. मी वाट बघत होते की आता मला काहीतरी वाटेल. रडू येईल, तो जवळ आहे असं वाटेल, लोक सांगतात तसं काही. काही वाटलं नाही. इंजिनचा आवाज फार होता आणि गरम हवा पायांवर येत होती. मी फेरी पूर्ण करून फाटकाशी थांबले.

"कशी हाय?" मित्राने विचारलं.

"बरोबर आहे," मी म्हटलं. "तू घेऊन जा ती माणगावला. ठेव, मोड, काय करायचं ते कर."

तो नको नको म्हणाला, मग टेम्पोचं मागचं फळकं उघडलं. गाडी टेम्पोत चढवली. फाटकासमोरच्या टपरीवर आम्ही चहाला थांबलो, आणि तिथे बाकावर बसून तो मोठा बाप्या माणूस रडायला लागला. टपरीवाला बघत होता. मी त्याच्या पाठीवर हात ठेवून बसले. त्याचा चहा गार झाला म्हणून दुसरा सांगितला. खरं तर रडायला मला हवं होतं, पण त्या वेळी रडू त्याच्याकडे होतं.

मी रेवदंड्याची एसटी धरली. साळावच्या पुलावर खाडीला भरती होती, होड्या आत यायला लागल्या होत्या. घरी पोचले तेव्हा दोन खोल्यांचे पाहुणे अंगणात येऊन बसलेले. जेवायला काय आहे, म्हणून विचारत होते. मी हात धुतले आणि तांदूळ निवडायला घेतले.